बुडाला लागलेलं पुरण

अपघातातून उठल्यापासून श्रीहरी घरातल्या कुठल्याच पदार्थाला नावं ठेवत नव्हता, आणि वसुंधराला नेमका याचाच संशय येत होता.

दुसरी एखादी असती तर तिने देवापुढे साखर ठेवली असती. लग्न झाल्यापासून या माणसाने तिला एक दिवस सुखाने रांधू दिलं नव्हतं. पोलोग्राउंडच्या एका नमकीन कारखान्यात तो मसाल्याचा प्रमुख. शेवेचा मसाला त्याच्या नाकाखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे, आणि हे नाक तो संध्याकाळी कारखान्यात ठेवून येत नसे. जुन्या इंदुरातल्या त्यांच्या घराचा जिना अर्धा चढतो न चढतो तोच आवाज यायचा, "वसू, हिंग कमी पडलाय यार!" नाहीतर, "तेल कालचंच आहे ना? खरं सांग!" आणि मेल्याचं बरोबर असायचं, याचाच तिला जास्त राग यायचा.

आता तो पाटावर बसायचा, वाढलेलं मुकाट्याने खायचा आणि उठताना म्हणायचा, "छान झालं होतं." भाजी छान, आमटी छान. एकदा ती आमटीत हिंग घालायला साफ विसरली, तीही छान. नातेवाईक म्हणाले, "बघ, कसा शांत झालाय. देवाने तुझं ऐकलं." वसुंधराला वाटलं, यांना उठून घराबाहेर काढावं. ज्याच्याशी तिने लग्न केलं होतं तो माणूस भांडकुदळ होता. हा गोड बोलणारा कोण, हे तिला कुणी सांगत नव्हतं.

फाल्गुनात कारखान्यातून परतताना श्रीहरीच्या स्कूटरपुढे कुत्रं आडवं आलं. हेल्मेट होतं, पण हँडलला लटकवलेलं. डोकं दुभाजकावर आपटलं. ऑपरेशन, मग आयसीयू, मग हळूहळू बोट हलणं, डोळा उघडणं, बोलणं. चालायला लागला, बोलायला लागला, फक्त थोडा सावकाश. एखादं नाव पटकन आठवायचं नाही, गर्दीत गेला की डोकं धरायचा. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. वसुंधरानेही तसंच मानलं असतं. पण तेवढ्यात ती फोनवरच्या एका ग्रुपमध्ये शिरली.

डोक्याला मार लागलेल्या माणसांच्या घरच्यांचा तो ग्रुप. चांगला होता. कुणी औषधांचं विचारायचं, कुणी नुसतं रडून घ्यायचं. तिथे सुमेधा नावाच्या एका बाईने लिहिलं होतं की तिच्या नवऱ्याला तिची ओळखच राहिली नव्हती. लग्न, पोरं, काहीही नाही. बिचारा घाबरून सगळं आठवत असल्याचं नाटक करत राहिला, आणि घरात कुणाला पत्ता लागला नाही. "फार गोड वागायचा," तिने लिहिलं होतं. "पाहुण्यासारखा." तो शब्द वसुंधराच्या मनात जो रुतला तो निघेचना.

पाहुण्यासारखा. तसाच तर वागत होता श्रीहरी.

मग ती पाहू लागली, आणि पाहायला बसलं की दिसतंच. पूर्वी ती खोलीत आली की पाठमोरा असला तरी त्याला कळायचं. "आलीस?" म्हणायचा, मान न वळवता. रात्री तिच्या मानेशी नाक घासायचा, शिकेकाईच्या वासावरून चिडवायचा, "आजीबाई निजल्या का?" आता मानेशी यायचं त्याने सोडूनच दिलं होतं. ती मागून आली की दचकायचा. एकदा तर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो गर्रकन वळून म्हणाला, "कोण?"

स्वतःच्या बायकोला. स्वतःच्या स्वयंपाकघरात. त्या "कोण?" नंतर वसुंधराची झोप उडाली.

त्यात सासूबाईंचं वागणं. कुमुदिनीबाई एरवी सरळ मनाच्या, मनात येईल ते तोंडाने बोलून मोकळ्या होणाऱ्या. पण हल्ली त्या मुलाला एकटं सोडत नव्हत्या. पानं वाढली की त्या आधी बोलायच्या, "अरे वा, धण्या-जिऱ्याचा काय वास सुटलाय!" आणि मग श्रीहरी म्हणायचा, "हो ना, धणे-जिरे मस्त." शाळेत बाई सांगतात आणि पोरं मागून म्हणतात ना, तसं. तो स्वयंपाकघरात गेला की मागोमाग त्या हजर. आणि रोज सकाळ-संध्याकाळ मायलेक मागच्या खोलीत दार लोटून बसायचे. वसुंधराने एकदा दाराला कान लावला. हो, लावला. ज्याचं माणूस असं परकं होतं त्याने कान लावला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"काही येतंय का?" सासूबाईंचा आवाज.

"नाही."

"जोर नको लावूस. हळूहळू येईल. परत एकदा."

मग श्रीहरी म्हणाला, "नाही येत आई. काहीच नाही येत."

"असू दे. वसुंधरापुढे बोलू नकोस मात्र. तिला आधीच कमी टेन्शन नाही."

वसुंधरा भिंतीला टेकली. आता शंकेला जागा कुठे होती? त्याला आठवत नव्हतं, आणि त्याची आई त्याला घोकून घेत होती.

तिने परीक्षा घेऊन पाहिली. लेकीची, स्पृहाची वेणी घालता घालता सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, लग्नानंतर पहिल्यांदा रात्री सराफ्यातल्या गाड्यांवर गेलो तेव्हा काय खाल्लं होतं आपण?"

"भुट्ट्याचा कीस," तो लगेच म्हणाला. "तुझी जीभ भाजली. मग तू माझ्यावरच चिडलीस."

बरोबर होतं, तंतोतंत बरोबर. पण संशयाचं पोट असं भरत नाही. तिच्या मनात आलं, इतकं पटकन? हा तर साधं शेजाऱ्याचं नाव आठवायला कपाळ चोळतो. आणि जीभ भाजल्याची गोष्ट आईंनाही ठाऊक आहे, मीच सांगितली होती. चुकला असता तर संशय आला असता, चुकला नाही म्हणून जास्त आला.

हे सगळं मनातच ठेवून ती चालली असती, पण मुदत संपत आली होती. ती एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. रजा वाढवून वाढवून संपली होती. महालक्ष्म्या उठल्या की सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो, असं कॉलेजने स्पष्ट कळवलं होतं. धाकट्या दिराची, सुशांतची बायको भोपाळला बाळंतपणाला टेकलेली, सासूबाईंना तिकडे जाणं भाग होतं. म्हणजे दुपारी शाळेतून आल्यापासून संध्याकाळपर्यंत स्पृहा आणि श्रीहरी, दोघंच घरात. पहिलीतली पोर. ज्याला बायको ओळखू येत नाही त्याला लेक तरी ओळखू येते का? आणि येत नसेल तर त्याच्या भरवशावर तिला ठेवायची कशी? नोकरी सोडावी तर घर चालवणार कोण? कारखान्याचे सेठजी रोज फोन करून "श्रीहरीभिया कधी येताय?" विचारत होते, आणि श्रीहरी रोज "बस, आलोच" म्हणून टाळत होता. तेही तिला खटकत होतं.

सोमवारच्या आत छडा लावायचाच, असं तिने ठरवलं. हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सारायच्या, अनवाणी चालायचं, न बोलता दारात येऊन उभं राहायचं. असं ती दिवसभर घरात फिरू लागली. आणि तो दर वेळी दचकायचा. दर वेळी तिचा संशय एक पायरी वर चढायचा.

अशात महालक्ष्म्या आल्या.

त्या घरची एक रीत होती. नैवेद्याचं चाखायचं नाही हे सगळीकडेच आहे. वाससुद्धा घ्यायचा नाही, असं कडक सोवळ्याचे लोक म्हणतात. पण या घराने त्यातून पळवाट काढली होती. वास मुद्दाम घ्यायचा नाही, पण उंबऱ्याबाहेर उभ्या माणसाच्या नाकात तो आपणहून गेला तर त्याला कोण काय करणार? म्हणून दर वर्षी श्रीहरी आंघोळ करून, सोवळं नेसून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि न चाखता सांगायचा: कढीत आलं वाढवा, पुरणाला जायफळ पुरे. जेवायला आलेले थक्क व्हायचे. खालच्या मजल्यावरचे नानासाहेब तर म्हणायचे, महालक्ष्मीच्या आधी याच्या नाकाला नैवेद्य दाखवा.

त्या दिवशी सकाळपासून धांदल. वसुंधरा बाहेर मुखवट्यांना दागिने घालत होती, स्पृहा गेजवस्त्रं धरून उभी. आत सासूबाई पुरण घाटत होत्या. दोन दिवसांपूर्वी भाजी आणताना भिजल्या होत्या त्या. नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. तरी पुरण दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हत्या.

नथ अडकवता अडकवता वसुंधराला वास आला. आधी वाटलं, धूप जास्त झाला असेल. मग कळलं. पुरण बुडाला लागलं होतं. नुसतं लागलं नव्हतं, करपायला निघालं होतं.

ती धावली. बांगड्या कोपराजवळच होत्या, पायांचा आवाज नव्हता. श्रीहरी उंबऱ्यावर तिच्याकडे पाठ करून उभा होता. आत सासूबाई पातेल्यावर वाकून घाटत होत्या.

"श्री, बघ रे," त्या चोंदल्या आवाजात म्हणाल्या. "वेलदोड्याचा काय वास सुटलाय!"

आणि श्रीहरीने छाती भरून श्वास घेतला. करपल्या पुरणाचा वास त्या दोन खोल्यांत मावत नव्हता, आणि हा माणूस म्हणाला, "वा! वेलदोडा एकदम बरोबर. जायफळही बेताचं. क्या बात है आई."

वसुंधरा तिथेच थिजली. गेले कित्येक दिवस तिने जे जे गोळा करून ठेवलं होतं ते सगळं तिच्या डोळ्यांपुढे उलटं झालं. हिंग नसलेली आमटी. सासूबाईंचं आधी बोलणं. बंद दार. मानेशी न येणारं नाक. तो काही विसरला नव्हता. त्याला वासच येत नव्हता, आणि आज सांगणारीचंही नाक चोंदलं होतं.

"श्री," ती म्हणाली.

तो दचकून वळला.

"पुरण करपलंय, श्री."

सासूबाईंच्या हातातला कालथा थांबला. चारचौघांत नवऱ्याला अहो-जाहो करणारी सून त्यांच्यासमोर अरे-तुरेवर आली होती, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी गॅस बंद केला आणि पातेलं खाली उतरवलं.

"कधीपासून?" वसुंधराने विचारलं.

सासूबाईच बोलल्या. "हॉस्पिटलपासून. शुद्धीवर आला तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, डोकं आपटलं की नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटतात म्हणे. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, रोज दोनदा हुंगवायला सांगितलंय. येईल म्हणतात. नाहीही येणार म्हणतात."

"म्हणजे दार लावून तुम्ही..."

"हो."

"आणि मला सांगायचं नाही? मी काय बाहेरची आहे?" तिचा आवाज फाटला. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता आणि तिने रागालाच पुढे केलं. "सोमवारपासून मी पोर याच्यावर टाकून जाणार होते! गॅस चालू राहिला असता तर? याला कळलं असतं? तुम्ही दोघं मला छान छान म्हणत बसलात आणि घर उडालं असतं तर?"

"म्हणून तर मी त्याच्या मागे मागे स्वयंपाकघरात..." सासूबाई म्हणाल्या. भोपाळचं तिकीट त्यांनी दोनदा पुढे ढकललं होतं, ते का, हे आता वसुंधराला कळलं.

"आईला बोलू नको," श्रीहरी म्हणाला. "मीच तिला शपथ घातली होती. माझं काय आहे वसू, सांग ना? माझ्याकडे डिग्री नाही, काही नाही. एक नाक होतं. ते गेलं म्हटल्यावर सेठजी मला गेटवर बसवतील बस. मला वाटलं, महिना-दोन महिन्यांत येईल परत, कुणाला सांगायचं कामच पडणार नाही."

"सेठजींचं सोड. मला का नाही सांगितलंस?"

तो उंबऱ्याकडे बघत राहिला. मग सावकाश, शब्द शोधत बोलला. "तू हॉस्पिटलमध्ये माझ्यावर वाकलीस ना, पहिल्यांदा, तेव्हाच मला कळलं. तू दिसत होतीस, पण आली नव्हतीस. आधी तू खोलीत यायचीस तर मला न बघता कळायचं. शिकेकाई, फोडणी, काय काय. आता तू समोर असतेस तरी अर्धीच आलेली असतेस. हे बायकोला कसं सांगतात? आणि आजकाल तर मागून येतेस, आवाज नाही, काही नाही, मी डरतोच यार."

वसुंधराचा हात आपसूक कोपराशी गेला. बांगड्या तिथेच दडवलेल्या होत्या. "कोण?" या त्याच्या एका शब्दावर तिने तो परका ठरवला होता, आणि पुढे रोज बिनआवाजाने येऊन स्वतःच त्याला दचकवत राहिली होती. तिला स्वतःची शरम वाटली.

ती सरळ आत गेली. पातेल्यातलं वरवरचं, न लागलेलं पुरण तिने बूड न खरवडता दुसऱ्या भांड्यात काढलं. त्यातलं चमचाभर घेतलं, फुंकर मारली आणि उंबऱ्यावर येऊन त्याच्या तोंडाशी धरलं.

"वसुंधरे!" सासूबाई ओरडल्या. "नैवेद्याचं आहे ते! उष्टं होईल!"

"होऊ दे. श्री, वास गेला खड्ड्यात. जिभेने सांग."

त्याने आईकडे पाहिलं, बाहेरच्या महालक्ष्म्यांच्या दिशेने पाहिलं आणि तोंड उघडलं. बराच वेळ घोळवत राहिला.

"गोड," तो म्हणाला. "मऊ. मागून थोडं कडू." मग त्याचे डोळे भरले. "बस, एवढंच. बाकी काही नाही गं त्यात."

"एवढं पुरे," वसुंधरा म्हणाली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली. सोवळं-ओवळं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

सासूबाई थोडा वेळ पुरणाच्या भांड्याकडे बघत बसल्या. त्यांच्या आयुष्यात असा अनाचार झाला नव्हता. मग पदराला नाक पुसून त्या म्हणाल्या, "माहेरी आलेल्या लेकी आहेत त्या. घरातलं दुखणं त्यांना कळलं तर कळलं. आण ते इकडे, दिवे त्याचेच करते." आणि त्या पुरणाचे दिवे वळायला बसल्या.

दुपारी पंगत बसली. शेजारच्या मंजुषाताई सवाष्ण म्हणून, आणि पहिल्या पानावर नानासाहेब. त्यांनी पुरणपोळीचा घास घेतला, भुवया उंचावल्या. "अरे श्रीहरी, यंदा पुरणाला धुराचा वास येतोय का रे? तुझ्या नाकातून सुटलाच कसा?"

सासूबाई तुपाचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबल्या. काहीतरी सारवासारव करायला त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"येत असेल नानासाहेब," श्रीहरी म्हणाला. "माझं नाक गेलंय. अपघातात गेलं. मला काही कळत नाही आता."

नानासाहेबांनी घास पानात ठेवला. "तूप वाढा यांना," तो पुढे म्हणाला. "तुपाने चालून जाईल."

संध्याकाळी त्याने सेठजींनाही फोन केला. काय बोलणं झालं ते वसुंधराने विचारलं नाही, कानही लावला नाही. त्यानेच येऊन सांगितलं की सेठजी म्हणाले, दिवाळीनंतर ये, बघू काय ते. यात आशा किती आणि नकार किती, ते दोघांनाही ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी घरात विजेची शेगडी आली, आणि गॅसचा नळ सिलिंडरपाशीच बंद करून ठेवायचा असं ठरलं. कुमुदिनीबाई भोपाळला गेल्या. जाताना वसुंधराला त्या बाटल्या दाखवून गेल्या, लवंगेची कुठली, गुलाबाची कुठली.

सोमवारी वसुंधरा कॉलेजात होती, पण तिचा जीव सगळा जुन्या इंदुरात. माणूस आपला आहे हे कळल्याने धास्ती संपली नव्हती, फक्त तिचं कारण बदललं होतं. संध्याकाळी रिक्षातून उतरून ती जवळजवळ पळतच जिना चढली. दाराशी सवयीने चपला अलगद काढल्या. सवयीने बांगड्या वर सारल्या. दार लोटलेलंच होतं.

श्रीहरी विजेच्या शेगडीपुढे पाठमोरा उभा होता, दूध तापवत. स्पृहा ओट्यावर बसून पाय हलवत होती. "आंबूस वास येतोय का गं? बघून सांग बरं," तो तिला विचारत होता. पोरीने पातेल्याशी नाक नेलं आणि गंभीरपणे मान हलवली. "चांगलंय, पप्पा."

दोघांपैकी कुणीच तिला पाहिलं नव्हतं. वसुंधरा उंबऱ्यावर थांबली. मग तिने कोपरापासून सगळ्या बांगड्या सोडवल्या, मनगटावर येऊ दिल्या, आणि हात एकदा जोरात हलवला.

श्रीहरी दचकला नाही. त्याने मानही वळवली नाही. दुधात चमचा फिरवत म्हणाला, "आलीस?"

"आले," वसुंधरा म्हणाली.